मणी, दोरा आणि गाठ
(सिकंदराबाद येथील आपल्या गणेशोत्सवात दिलेल्या व्याख्यानाचा सारांश)



पी-वे विभागातला डिप्लोमावाला मणी ओवण्यावर काय बोलणार, असा प्रश्न तुम्हाला पडला असेल. उत्तर आमच्या आईच्या तन्मण्यात आहे. त्याचा दोरा कुजला होता. गावाकडचे दागिने गाठवून देणारे पटवेकरी राहिले नाहीत. इथल्या दुकानदारांनी सांगितलं, "मोती काढून नवीन डिझाइन करून देतो." आई म्हणाली, "मग राहू दे डब्यातच." डब्यात गेलेला दागिना पुढच्या पिढीला ओळखूही येत नाही, म्हणून २०२३ च्या पावसाळ्यात मी स्वतः शिकायचं ठरवलं.

हैदराबादेत मोत्यांच्या कामाला तोटा नाही. चारमिनारजवळच्या पत्थरगट्टीत एका वयस्क कारागिराकडे मी रविवारी बसू लागलो. पहिल्या दिवशी चाचा एवढंच म्हणाले, "पहले हातां धो को आओ." हाताचा घाम आणि तेल मोत्याला चालत नाही. मोती म्हणजे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट, आम्लाने त्याची झळाळी जाते. म्हणून अत्तर, पावडर आधी लावायची आणि मोती सगळ्यात शेवटी घालायचे, हे वहिनींनी लक्षात ठेवावं.

सुरुवात मात्र काचेच्या मण्यांपासून करावी. बारीक मण्यांचे नंबर आपल्या तारेच्या गेजसारखे उलटे चालतात. ६ नंबरचा मणी साधारण ४ मिमी, ८ नंबरचा ३ मिमी आणि ११ नंबरचा २ मिमी. ओवण्याआधी मणी टर्किश टॉवेलवर मांडावेत, म्हणजे घरंगळत नाहीत. मोठे मध्ये, लहान कडेला.

मग हिशोब. १६ इंची माळ म्हणजे ४०६ मिमी. फासा १२ मिमीचा धरला तर उरले ३९४. मणी ६ मिमीचे असतील तर ६५ लागतील. प्रत्येक मण्यामागे गाठ मारायची असेल तर गाठीला अर्धा मिमी धरा, मग ६० पुरतात. गाठींच्या माळेला दोरा लांबीच्या दुप्पट-तिप्पट घ्यावा.

गाठ हाच या कामाचा प्राण आहे. गाठीमुळे मोती मोत्यावर घासत नाही, आणि दोरा तुटलाच तर एखादाच मोती पडतो, सगळे नाही. गाठ सैल धरायची, तिच्यात सुई घालायची, सुईने ती मोत्यापर्यंत सरकवत न्यायची आणि मगच सुई काढून आवळायची. हे हाताला बसायला मला दोन महिने लागले.

दुसरी गोष्ट आपल्या माणसांना लगेच पटेल. फिशप्लेटच्या जोडात आपण रुळाला उन्हाळ्यात वाढायला जागा ठेवतो. माळेलाही थोडी मोकळीक लागते. करकचून ओवलेली माळ काठीसारखी ताठ राहते आणि मण्यांच्या कडा दोरा कापतात. म्हणून फासा बसवण्याआधी माळ गोल करून पाहावी.

तन्मणी मी गेल्या वर्षी गाठवला. मधलं खोड जुनंच, मोती जुनेच, रेशीम तेवढं नवीन. गौरीच्या दिवशी आईने तो घातला आणि नातीला सांगितलं, "हा माझ्या सासूबाईंचा." नातीने पहिल्यांदाच विचारलं, "त्यांचं नाव काय होतं?"

मित्रहो, आपण परमुलखात राहतो. इथे चिंचपेटी, तन्मणी, पोत दुरुस्त करून देणारा सहज सापडत नाही. ते काम आपल्यातल्याच पाच-सहा जणांच्या हातात आलं, तर कोणाचा दागिना डब्यात पडून राहणार नाही. मी अजून शिकाऊच आहे, पण येतं तेवढं शिकवीन. अनंतचतुर्दशी झाली की रविवारी सकाळी मंडळाच्या खोलीत या. येताना एक सुई, रेशमाची रीळ, टॉवेल आणि घरातली तुटकी माळ आणा. पुरुषांनीही यावं, निवृत्तीनंतर हातांना काम आणि डोळ्यांना धीर दोन्ही मिळतात.

गणपती बाप्पा मोरया!