रक्ताला कोणत्या झाडाबद्दल विचारायचे?

मंडळी, तुमच्यापैकी काहींनी ॲलर्जीचे रिपोर्ट सोबत आणलेत. ते वाचण्याआधी एवढेच पाहू, की प्रयोगशाळेने तुमच्या रक्ताला नेमके कोणत्या झाडाबद्दल विचारले?

१९२१ साली क्युस्टनर या डॉक्टरांना मासे सोसत नसत. त्यांचे रक्तद्रव प्राउस्निट्झ या सहकाऱ्याने स्वतःच्या कातडीत टोचून घेतले. दुसऱ्या दिवशी तिथेच मासळीचा अर्क टोचला, आणि त्या जागी गांधी उठली! ही गांधी उठवणाऱ्या रक्तातल्या घटकाची ओळख पटायला १९६० चे दशक उजाडले. अमेरिकेत इशिझाका दांपत्य आणि स्वीडनमध्ये योहान्सन व बेनिच यांनी तो वेगवेगळा शोधला, आणि १९६८ साली त्याचे आयजीई हे नाव ठरले.

आजच्या तपासणीत एखाद्या परागाचा अर्क पक्का बसवतात, त्यावर तुमचे रक्तद्रव सोडतात आणि अर्काला चिकटलेले आयजीई मोजतात. लिटरला ०.३५ किलोयुनिट ही रूढ सीमारेषा. उपाशीपोटी जावे लागत नाही, शिंकांची गोळीही बंद करावी लागत नाही. त्वचेवरच्या चाचणीआधी मात्र ती काही दिवस थांबवावी लागते.

आता मुख्य गोष्ट. जो अर्क ठेवलाच नाही, त्याबद्दल रक्त काहीही सांगत नाही. अनेक तयार पॅनेल युरोपच्या झाडांवर बेतलेली आहेत: बर्च, ऑल्डर, हेझल. मुलुंडपासून बोरिवलीपर्यंत बर्च कुठे आहे? आपल्याकडे नारळ आहे, सुरू आहे, सोनमोहोर आहे, वर्षावृक्ष आहे. म्हणून ‘झाडे: निगेटिव्ह’ वाचून निश्चिंत होऊ नका, यादीतली नावे मागून घ्या.

उलटही घडते. पॉझिटिव्ह म्हणजे शरीराने त्या परागाची नोंद घेतली आहे, एवढेच. त्रास त्याचाच आहे हे ऋतू सांगतो. ऑक्टोबरात सातवीण फुलली की लोक तिला दोष देतात. पण तिचे परागीभवन कीटक करतात. तिच्या उग्र वासाने नाक चुरचुरले तरी ती आयजीईची ॲलर्जी नव्हे. गुलमोहराचे परागही जड, चिकट, वाऱ्यावर फारसे न उडणारे. नुसत्या संशयावरून सोसायटीतले झाड तोडायचा अर्ज कृपा करून करू नका.

आपल्या दमट हवेत गादीतले धूलिकीटक बारा महिने असतात. अंथरूण झटकताना शिंका येत असतील, तर आधी त्यांची तपासणी करा. एकूण आयजीईचा आकडा तर पोटातल्या जंतांनीही वाढतो. आणि घाटकोपरच्या गॅलरीतल्या कबुतरांमुळे होणारा फुप्फुसांचा आजार या आयजीई तपासणीत सापडत नाही. त्याची वाट वेगळी, तिथे छातीचे डॉक्टर गाठावेत.

तपासणीला जाण्याआधी वर्षभराची साधी नोंद ठेवा: त्रास कोणत्या महिन्यात, घरात की बाहेर, तेव्हा खिडकीसमोर काय फुलले होते. ती डॉक्टरांना दाखवा. कोणते पराग तपासायचे, हे तिच्यावरून ठरवता येते.