डबा संपवायचा नसतो



श्रोतेहो, आजचा विषय आहे घरच्या गाडीचं इंजिन ऑइल, कोणतं घालायचं आणि किती घालायचं. ‘कोणतं’ यावर सगळेच बोलतात. शेजारी बोलतात, मेहुणे बोलतात, दुकानदार तर बोलतातच. ‘किती’ यावर कुणी बोलत नाही. चौतीस वर्षं मी गॅरेज चालवलं. भलत्याच ऑइलमुळे बिघडलेली इंजिनं मी मोजकीच पाहिली. कमी किंवा जास्त ऑइलमुळे आजारी पडलेल्या गाड्या मात्र दर महिन्याला दारात उभ्या असत. म्हणून मिळालेल्या वेळातला मोठा वाटा मी ‘किती’ला देणार आहे.

एक शिक्षक गाडी घेऊन आले. लहान पेट्रोल गाडी, फार तर पन्नास हजार किलोमीटर चाललेली, पण सायलेन्सरमधून निळा धूर. “मिस्त्री, इंजिन काम निघालंय म्हणतात. रिंगा गेल्यात म्हणे. खरं का हो?” चेहरा पार उतरलेला. मुलीच्या कॉलेजची फी भरायचे दिवस होते. मी काही न बोलता बॉनेट उघडलं आणि डिपस्टिक, म्हणजे ऑइल मोजायची पट्टी, ओढली. वरच्या खुणेच्या पुढे चांगलं दीड बोट ऑइल होतं.

“सर, ऑइल कधी बदललं?”

“दोन महिने झाले. साडेतीन लिटरचा डबा मीच नेऊन दिला आणि समोर उभं राहून सगळा ओतून घेतला. थेंबसुद्धा मागे ठेवू दिला नाही.”

मग सर पुण्याला जायच्या आधी पेट्रोल पंपावर कुणीतरी म्हणालं, लांब जाताय तर थोडं टाकून घ्या. आणखी अर्धा लिटर गेलं. त्यांच्या गाडीच्या पुस्तकात आकडा होता फिल्टरसकट ३.१ लिटर. मी खालच्या ऑइल चेंबरचा नट सैल करून पाऊण लिटरच्या आसपास ऑइल काढून घेतलं. धूर चार-पाच दिवसांत कमी होत होत थांबला. रिंगा जागच्या जागी होत्या.

सरांची चूक कुठे झाली? त्यांनी काटकसर केली, आणि फसवणूक होऊ नये म्हणून लक्षही ठेवलं. पैसे मोजलेली वस्तू वाया घालवायची नाही, हे आपल्या घराघरातलं वळण आहे आणि ते चांगलंच आहे. पण डबा तीन, साडेतीन नाहीतर पाच लिटरचा येतो तो विकणाऱ्याच्या सोयीने. तुमच्या इंजिनात किती मावतं त्याच्याशी त्याचा संबंध नाही. डबा संपवायचा नसतो. उरलेलं ऑइल घट्ट झाकण लावून घरी आणा, वर्षाच्या आत कधी कमी पडलं तर तेच थोडं घाला.

आता जास्त झालं तर बिघडतं काय? वंगणच आहे, असेना थोडं जास्त, असं अनेकांना वाटतं. त्यासाठी आपण ताक घुसळू या.

पातेल्यात दही घेतलं, रवी लावली. पातेलं अर्ध्याच्या थोडं वर असेल तर घुसळण छान होते. काठोकाठ भरलंत तर? पहिल्याच गिरकीला ओट्यावर सडा, आणि जे आत राहतं त्यावर बोटभर फेस. इंजिनाच्या तळाला ऑइलचं चेंबर असतं, ते आपलं पातेलं. त्याच्या वर क्रँक फिरतो, ती रवी. ही रवी आणि हे ऑइल यांची भेट व्हायची नसते, मध्ये मुद्दाम जागा सोडलेली असते. ऑइल जास्त झालं की क्रँकची वजनं त्यात बुडून फिरू लागतात. तीन हजार फेऱ्यांवर गाडी चालली, तर सेकंदाला पन्नास वेळा घुसळण. ऑइलचा फेस होतो.

आणि हा फेस पंप ओढतो. ताकावरचा नुसता फेस पिऊन पाहा, पेला रिकामा होतो पण पोटात काही जात नाही. बेअरिंगांना तसंच होतं. ऑइल आल्यासारखं वाटतं, येते ती हवा. दाब पडतो. टर्बो असलेल्या गाडीत तर हे लवकर महागात पडतं, कारण टर्बोचा दांडा त्या ऑइलच्या पापुद्र्यावरच तरंगत असतो. ओट्यावरचा सडाही इथे आहेच. ऑइलचे शिंतोडे ब्रीदरच्या नळीतून हवेच्या वाटेने सिलिंडरमध्ये जाऊन जळतात. सरांच्या गाडीचा निळा धूर तो हाच.

कमी झालं तरी शेवट तोच होतो. पातेल्यात तळालाच थोडं उरलंय आणि घाटात वळणावर गाडी कलंडली की ऑइल एका बाजूला जातं, पंपाचं तोंड उघडं पडतं, पुन्हा हवाच. खंबाटकीत किंवा आंबा घाटात ऑइलचा लाल दिवा क्षणभर लागून विझला, तर ‘विझला की’ म्हणून पुढे जाऊ नका. सपाट जागा बघून थांबा, इंजिन बंद करा, डिपस्टिक ओढा.

ही डिपस्टिक बघायची कशी, ते पुन्हा सांगतो. पुन्हा अशासाठी की माहीत सगळ्यांना असतं, करत कुणी नाही. गाडी सपाट जागी हवी. उतारावरच्या सोसायटीच्या गेटात घेतलेलं माप खोटं. इंजिन गरम करून बंद करा आणि पाच-दहा मिनिटं थांबा, वर गेलेलं ऑइल खाली उतरू द्या. काही गाड्यांना थंड इंजिनावर माप घ्यायला सांगितलेलं असतं, तिथे पुस्तक म्हणेल तसं. पट्टी ओढा, पुसा, पूर्ण आत घाला, परत ओढा. पहिल्या ओढीचं माप धरायचं नाही, ते शिंतोड्यांचं असतं. दोन खुणांच्या मध्ये, वरच्या अंगाला ऑइल असलं की झालं. खालच्या खुणेपासून वरच्या खुणेपर्यंत साधारण एक लिटर, लहान गाडीत त्याहून काहीसं कमी. म्हणजे ऑइल मध्यावर असताना कुणी एक लिटर ओततो म्हणाला, तर त्याचा हात धरा.

ऑइल बदलतानासुद्धा पुस्तकातला आकडा एकदम ओतायचा नाही. नट काढला तरी जुनं ऑइल सगळं उतरत नाही, कानाकोपऱ्यात थोडं राहतंच. पाव-अर्धा लिटर हातचं राखून घाला, इंजिन मिनिटभर चालवा म्हणजे फिल्टर भरतो, बंद करून थोडं थांबा, मग पट्टी बघत बघत बाकीचं. पुस्तकातला आकडा अंदाजासाठी, शेवटचा शब्द पट्टीचा. आणि हे होताना तुम्ही तिथे उभे राहा. सर उभे होते, पण ते डब्याकडे बघत होते.

आता ‘कोणतं’. वेळ थोडा आहे. डब्यावर ५डब्ल्यू-३० असं काहीतरी असतं. डब्ल्यू म्हणजे विंटर, हिवाळा. ५डब्ल्यूच्या ऑइलची परीक्षा उणे ३० अंशांवर होते. मग आमच्या नाशिकच्या थंडीला त्याचं काय, असं कुणी म्हणेल. पुन्हा दह्याकडे या. थंडीत विरजलेलं घट्ट दही, पहिल्या चार गिरक्यांना रवी किती जड जाते! रात्रभर उभ्या गाडीतलं ऑइल सकाळी तसंच घट्ट असतं, तुमच्या गावी बर्फ पडो न पडो. ते वरच्या कॅमपर्यंत पोचेपर्यंतच्या त्या क्षणांतच इंजिन सर्वांत जास्त झिजतं. पहिला आकडा जितका लहान तितकं ते थंडपणी लवकर धावतं. दुसरा आकडा १०० अंशांवरच्या दाटपणाचा.

‘जाड ऑइल चांगलं’ ही समजूत ॲम्बेसेडर आणि पद्मिनीच्या काळातली. तेव्हा २०डब्ल्यू-४० घालत होतो आणि त्या इंजिनांना ते बरोबरच होतं. आताच्या इंजिनातल्या फटी बारीक, व्हॉल्व्हची वेळ बदलणारी यंत्रणासुद्धा ऑइलच्या दाबावर चालणारी. ज्या गाडीच्या पुस्तकात ०डब्ल्यू-२० लिहिलंय तिच्यात प्रेमापोटी जाड ऑइल घालू नका. पेट्रोलसाठी डब्यावरची एपीआय दर्जाची अक्षरं एसने सुरू होतात. एसएन २०१० चं, एसपी २०२० चं. नवं अक्षर जुन्या गाडीला चालतं, उलट करू नये.

स्टुडिओच्या काचेपलीकडून खूण झाली, दोनच मिनिटं राहिली आहेत. डिझेलवाल्यांनी नीट ऐका. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ डिझेल गाड्यांना धुरातली काजळी अडवणारा फिल्टर आहे. त्यांना कमी राखेचं ऑइलच हवं, कारण काजळी जळून जाते, ऑइलातली राख जळत नाही, ती तिथेच साठते. दुसरं म्हणजे ती काजळी जाळण्यासाठी इंजिन जादा डिझेल सोडतं. गाडी नुसती शाळा ते बाजार, बाजार ते घर अशी चालली की जाळणं अर्धवट राहतं आणि ते डिझेल झिरपून चेंबरमध्ये उतरतं. तेव्हा काही न ओतता पट्टीवरची पातळी चढते. ‘आमची गाडी ऑइल खातच नाही, उलट वाढतं’ असं एका ताईंनी मला कौतुकाने सांगितलं होतं. ताई, ते वाढलेलं ऑइल नव्हतं, पातळ झालेलं होतं. पातळी वरच्या खुणेच्या पुढे गेली की ऑइल बदलायचं, मग किलोमीटर कितीही झालेले असोत.

काढलेल्या जुन्या ऑइलचं काय करायचं, हे सांगायचं राहिलं. गटारात नाही, झाडाच्या बुंध्याशी तर मुळीच नाही, लाकडाच्या वाळवीवर म्हणून लोक लावतात त्याबद्दलही बोलायचं होतं... वेळ झाली. या रविवारी गाडी सपाटीला लावा, हातात जुनं धोतराचं फडकं घ्या, आणि दोनदा ओढा. पहिली ओढ धरायची नाही.