कालवे आणि नॅनोकण

ओहोटी लागली की पालघरच्या किनाऱ्यावरील खडकांवर बायका टोकदार लोखंडी हत्यार घेऊन कालवे फोडावयास बसतात. ज्या घरी होडी नाही, जाळे नाही, त्या घरालाही समुद्र एवढे देतोच. हे कालव जागचे हलत नाही. मासा घाण पाण्यापासून दूर पळू शकतो. कालवाला ती सोय नाही. भरतीचे पाणी कल्ल्यांतून गाळून अन्न टिपणे हाच त्याचा चरितार्थ, आणि मोठे कालव तासाला काही लिटर पाणी गाळते.

मीटरचा अब्जावा भाग म्हणजे नॅनोमीटर. 1 ते 100 नॅनोमीटर आकाराच्या कणांस नॅनोकण म्हणतात. रंग, लेप, जंतुरोधक कापड, उन्हापासून बचावाची मलमे यांत टायटॅनियम डायऑक्साइड, झिंक ऑक्साइड, चांदी यांचे असे कण वापरले जातात. खाऱ्या पाण्यात ते एकमेकांस चिकटून त्यांचे पुंजके होतात. सुटा कण कल्ल्यांच्या चाळणीतून बहुधा निसटतो. पुंजका मात्र अडकतो. म्हणजे समुद्राचे खारेपणच येथे कालवाच्या मुळावर येते. नको ते बुळबुळीत स्रावात गुंडाळून बाहेर टाकण्याची कला त्याला अवगत आहे. तरीही काही अंश पाचक ग्रंथीत उतरतोच. प्रयोगशाळांतून शिंपल्यांच्या रक्तपेशींना इजा झाल्याचे आढळले आहे. झिंक ऑक्साइड व चांदीचे कण तर विरघळून धातूचे आयन सोडतात आणि शिंपला नुकता घडू लागलेल्या पिलांची वाढ बिघडते. अर्थात या प्रयोगांतील मात्रा बहुधा प्रत्यक्ष समुद्रातील मात्रेहून मोठ्या असतात, हेही सांगितले पाहिजे.

तारापूर औद्योगिक वसाहतीत रसायने, रंग, औषधे, कापड यांचे कारखाने आहेत. सामाईक केंद्रात प्रक्रिया केलेले त्यांचे सांडपाणी नलिकेने नवापूरच्या समुद्रात जाते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 2018 च्या निर्देशांकात तारापूर 93.69 गुणांनी देशात पहिले आले. हा पहिला क्रमांक मिरविण्याजोगा नव्हे. 2016 मध्ये अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेने राष्ट्रीय हरित लवादाकडे दाद मागितली व जानेवारी 2022 मध्ये लवादाने कारखान्यांवर पर्यावरण भरपाई बसविली.

नॅनोकणांचा प्रश्न मात्र नेहमीच्या तपासणीतून निसटतो. सांडपाण्यातील तरंगते घन पदार्थ मोजताना वापरावयाच्या गाळणकागदाची छिद्रे सुमारे दीड मायक्रॉनची, म्हणजे सर्वांत मोठ्या नॅनोकणाच्या पंधरा पट. जस्ताची मर्यादा अंतर्गत जलाशयांसाठी लिटरला 5 मिलिग्रॅम, समुद्रासाठी 15. त्यात धातूचे वजन पाहिले जाते. कणाचा आकार कोणी विचारीत नाही.

2002 च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती व लोक जैवविविधता नोंदवही अपेक्षिली आहे. कोणत्या खडकावर, कोणत्या महिन्यात, केवढी कालवे मिळतात, कोठे ती रिकामी निघू लागली, हे फोडणाऱ्या बायकांना तोंडपाठ असते. ते उतरवून घेण्यास गावच्या शाळेतील सातवीची मुलेही पुरेशी आहेत. वही, मोजपट्टी आणि ओहोटीची वेळ एवढेच त्यांना लागेल.