नवी पेटी की जुनी?

(स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



मला विषय दिला आहे ‘निवृत्तीनंतरचा छंद’. मी मात्र एका खरेदीबद्दलच बोलणार आहे. त्यातून आपल्या सगळ्यांना एक निर्णय घ्यायचा आहे, तो शेवटी सांगते.

1981 साली दहावी झाली आणि माझी पेटी सुटली. पाचवीपासून गायनाच्या बाईंकडे शिकत होते. पुढे बँकेतली नोकरी, श्रीरामपूर, शेवगाव, पाथर्डी अशा बदल्या आणि संसार. दोन वर्षांपूर्वी यजमान गेले. संध्याकाळी घर खायला उठायचे. मुलगा म्हणाला, “आई, पेटी घे.”

घ्यायची, पण नवी की जुनी? मुलगा नवीच्या बाजूचा. पुण्यात त्याने मला स्केल चेंजर पेटी दाखवली. गाणाऱ्याचा स्वर बदलला तरी पट्ट्या सरकवून तीच बोटे चालवता येतात. सोय खरी, पण किंमत 50 हजारांच्या पुढे आणि वजन असे की मला एकटीला उचलवेना. चार अभंग वाजवणारीला ती कशाला?

माझे मन जुनीवर होते. हातपेटी आपल्या देशात घडू लागली ती कोलकात्याला, 1875च्या सुमारास, द्वारकानाथ घोष यांच्या हातून. आतले सूर, म्हणजे हवेने थरथरणाऱ्या पितळी पट्ट्या, मात्र बराच काळ पॅरिसहून आणि जर्मनीहून येत. पुढे गुजरातेत पालिताण्याला सूर बनू लागले. ‘पॅरिसचे सूर’ म्हटले की जाणकार अजूनही कान टवकारतात. मीही टवकारले. एका गृहस्थांकडे अशी पेटी होती. वर पॅरिसची पाटी, पॉलिश चकचकीत. 22 हजार मोजून घरी आणली.

पंधरा दिवसांत मधल्या सप्तकातले तीन सूर खरखरू लागले. कारागिराने पेटी उघडली. पाटी पॅरिसची, पण आतले सूर तीन जातींचे, आणि काही तर घासून घासून पातळ झालेले. त्यांनी समजावले, सूर टोकाशी खरवडला की चढतो, मुळाशी खरवडला की उतरतो. पण खरवडलेले पितळ परत चिकटत नाही. ती पेटी 5 हजारांचा तोटा सोसून परत केली. बँकेत कर्ज देताना मी सातबारा आणि फेरफार दोन-दोनदा तपासायची. इथे नुसती पाटी वाचली!

त्या कारागिरांनी शिकवलेले तुम्हालाही सांगते. आधी सगळ्या खुंट्या बंद करून भाता भरा. तो लगेच खाली बसला तर हवा गळते आहे. मग खुंट्या उघडा आणि एकही पट्टी न दाबता भाता मारा. आवाज आला तर आतली झडप नीट बसत नाही. नंतर खर्ज वेगळा, नर वेगळा आणि मग दोन्ही एकत्र असे एकेक पट्टी दाबून ऐका. एकत्र वाजताना आवाज लाटांसारखा हलला तर सूर जुळलेले नाहीत. अगदी हलक्या हवेवरही सूर बोलतो का, ते पाहा. शेवटी झाकण उघडायला लावा. सूर एका जातीचे आहेत का, त्यांवर खरवडल्याच्या खुणा किती, स्प्रिंगा गंजल्यात का, बनातीला कसर लागली आहे का? भाता, बनात, स्प्रिंगा बदलता येतात. सूर गेले की पेटी गेली.

लाकडाचेही तसेच. आपल्या नगरच्या कोरड्या उन्हाळ्यात ते आकसते, पावसाळ्यात फुगते आणि पट्ट्या अडकतात. जुने लाकूड असे बरेच उन्हाळे-पावसाळे काढून मुरलेले असते. नवे नीट वाळवलेले नसेल तर पहिल्याच वर्षी सांधे उघडतात.

दुसरी पेटी मिळाली नेवासे तालुक्यातल्या एका भजनी मंडळाकडे. त्यांनी नवी घेतली होती. 39 पट्ट्यांची, खर्ज-नर, सागवानी. पॉलिश उडालेले, भात्याला ठिगळ. पण सूर सगळे पालिताण्याचे, एका जातीचे, न खरवडलेले. पेटीचे 9 हजार, दुरुस्तीचे साडेसहा. तशाच नवीला मला 28 हजार सांगितले होते. मात्र दुरुस्तीला सात आठवडे लागले आणि हमी कसलीच नाही. जवळ चांगला कारागीर नसेल आणि घरातले मूल परीक्षेला बसायचे असेल, तर त्याने बिनधास्त नवी घ्यावी, पण तीही उघडून पाहून.

आता निर्णयाचे. आपल्या तुकडीने शाळेला नवी पेटी द्यायला 40 हजार जमवले आहेत. गेल्या महिन्यात मुख्याध्यापकांच्या परवानगीने मी चित्रकलेच्या वर्गातले कपाट उघडले. आत आपलीच पेटी आहे, जिच्यावर आपण प्रार्थना म्हणायचो. भाता उंदरांनी खाल्लाय. सूर मात्र एका जातीचे आणि शाबूत आहेत. कारागीर म्हणाले, 9 हजारांत उभी राहील.

माझी विनंती आहे की तीच दुरुस्त करू. उरलेल्या 31 हजारांतून आठवड्याला एक तास पेटी शिकवणाऱ्याला मानधन देऊ. शिकवणारे कोणी नसेल तर नवी पेटीही त्याच कपाटात जाईल.

नव्या पेटीवर ‘1981ची तुकडी’ ही पाटी शोभून दिसेल, हे मला कळते. पण पाटीवर भुलून मी एकदा फसले आहे. बाई समोर बसल्या आहेत. दुरुस्त होऊन आलेली पेटी आधी त्यांनी वाजवून पाहावी, आणि त्या ‘चालेल’ म्हणाल्या तरच ती वर्गात जावी.

दुपारच्या बैठकीत यावर हात वर करून मत द्या.