मालवाहू विमानाचा वैमानिक आणि त्याचे घर
(सास्तूर येथे भरलेल्या वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



या व्यासपीठावरून आजवर शेती, शिक्षण, हुंडा, वधूवरसूचन इत्यादी विषयांचा ऊहापोह पुष्कळ झाला. आज आम्ही जो विषय घेऊन उभे आहोत, तो ऐकून कित्येकांस नवल वाटेल. सास्तूरच्या काळ्या रानात विमानाच्या गोष्टी कशाला, असा प्रश्न मनात येणे स्वाभाविक आहे. परंतु आपली मुले व मुली आता वैमानिकाच्या शिक्षणाकडे वळू लागली आहेत, त्यांचे आईबाप जमिनीचा तुकडा गहाण टाकण्याच्या विचारात आहेत, आणि त्यांपैकी काहींस पहिली नोकरी प्रवासी विमानावर न मिळता मालवाहू विमानावर मिळण्याचा संभव आहे. ज्या धंद्यासाठी घर पणास लावावयाचे, त्या धंद्यातला दिवस कसा उगवतो आणि रात्र कशी सरते, हे घरास ठाऊक असावयास नको काय?

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. माल वाहणारा वैमानिक हा प्रवासी वैमानिकाहून कमी प्रतीचा, अशी समजूत आढळते. वस्तुस्थिती अशी की, आपल्या देशात विमान प्रथम उपयोगी पडले ते टपालासाठी. 18 फेब्रुवारी 1911 रोजी अलाहाबादहून यमुनेपलीकडील नैनीस टपालाची थैली विमानाने गेली. 15 ऑक्टोबर 1932 रोजी जे. आर. डी. टाटा यांनी कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईस जे विमान आणले, त्यातही टपालच होते. पुढे 1949 साली रात्रीच्या हवाई टपालाची योजना सुरू झाली आणि तिचे केंद्र ठरले आपल्या महाराष्ट्रातले नागपूर. मुंबई, दिल्ली, कलकत्ता व मद्रास या चार दिशांकडून विमाने रात्री निघत, मध्यरात्रीच्या सुमारास नागपुरास एकत्र येत, थैल्यांची अदलाबदल होई आणि पहाटेपूर्वी ती आपापल्या गावी परत फिरत. आदल्या सायंकाळी टाकलेले पत्र दुसऱ्या दिवशी देशाच्या दुसऱ्या टोकास मिळे, ते या जागरणाच्या बळावर.

आज जगभर मालवाहतुकीचे जे तंत्र रूढ आहे, त्याचे सूत्र याहून फारसे निराळे नाही. अमेरिकेत फेडएक्स कंपनीने 17 एप्रिल 1973 रोजी मेम्फिस येथून असाच व्यवहार आरंभिला. आपल्याकडे ब्ल्यू डार्टची मालवाहू विमाने 1996 पासून उडत आहेत. दिवसभर दुकाने व कारखाने माल बांधतात, सायंकाळी तो विमानतळावर येतो, रात्री विमान उडते, मध्यवर्ती ठाण्यावर दोन-तीन तास माल निवडला जातो आणि पहाटे तो पुढल्या शहरी पोहोचतो. जग झोपलेले असताना माल चालतो, म्हणून माल चालविणाऱ्यास जागे राहावे लागते. जुन्या गावगाड्यात जागल्याचे जे स्थान होते, तेच आजच्या व्यापारात या वैमानिकाचे आहे.

आता त्याच्या वेळापत्रकाकडे वळू. त्यास धंद्यात 'रोस्टर' म्हणतात. अमेरिकेतील मोठ्या कंपन्यांत ज्येष्ठताक्रमास सर्वांत अधिक मान असतो, आणि हा क्रम वयावर वा पदवीवर अवलंबून नसून नोकरीस रुजू झाल्याच्या तारखेवर ठरतो. पुढल्या महिन्याच्या फेऱ्या मागण्याचा पहिला हक्क ज्येष्ठांचा. जे उरेल ते नव्याच्या पदरी. पाटाच्या शेपटाकडील शेतकऱ्यास पाण्याची पाळी कोणत्या वेळेस मिळते, हे येथे कोणास सांगावयास नको. सणावाराची सुट्टी, दिवसाची फेरी, आवडते शहर ही सारी वरच्यांकडे जातात, आणि नव्या माणसाच्या वाट्यास बहुधा 'रिझर्व्ह' येते.

या एका शब्दाने घरोघर घोटाळा होतो. मुलगा रिझर्व्हवर आहे, म्हणजे त्यास काम नाही, असे शेजारी समजतात. आईच्या जिवाला घोर लागतो. राखीव वैमानिक बेकार नसतो. आजारी पडलेल्याच्या, खोळंबलेल्या विमानाच्या किंवा अकस्मात वाढलेल्या मालाच्या प्रसंगी उभा करावयाचा तो माणूस होय. ठरलेल्या तासांत त्याने दूरध्वनी उचललाच पाहिजे आणि नेमलेल्या मुदतीत विमानतळावर हजर झालेच पाहिजे. काही प्रकारांत ही मुदत थोड्या तासांची असते, काहींत अर्ध्या दिवसाची वा त्याहून अधिक. एखादा महिना असा जातो की बोलावणे क्वचितच येते. एखाद्या आठवड्यात गणवेश उतरविण्यास उसंत मिळत नाही. बहुतेक मोठ्या कंपन्यांत किमान तासांचे वेतन बांधलेले असते, त्यामुळे चूल थंड पडत नाही. परंतु लग्नाचे आमंत्रण, मुलाचा वाढदिवस, गावची जत्रा यांपैकी कशासही 'येतो' असे खात्रीने म्हणता येत नाही.

आपल्या शेतकऱ्यास हे जिणे परके नाही. विहिरीस पाणी आहे, मोटर बसविलेली आहे, परंतु वीज रात्री अकरास येणार की दोनला, हे ठाऊक नाही. म्हणून जो बॅटरी उशाशी घेऊन, अंगावरच्या कपड्यांनिशी खाटेवर पडतो, तो झोपलेला म्हणावा की जागा? राखीव वैमानिकाची स्थिती अगदी तशीच. तो घरी असतो, पण घरचा नसतो.

येथे आम्ही मुख्य मुद्द्याशी येतो, आणि तो आहे झोपेचा. रात्री दोनपासून सकाळी सहापर्यंत मनुष्याच्या देहाची सावधानता सर्वांत खाली उतरते, हे शास्त्राने सिद्ध केले आहे. दिवसा झोप काढली तरी ती रात्रीच्या झोपेची बरोबरी करीत नाही. या घटकेचे सामर्थ्य सास्तूरने जितके जाणले तितके क्वचितच कोणी जाणले असेल. 30 सप्टेंबर 1993 रोजी पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी धरणी हादरली, तेव्हा गणेशविसर्जनाहून परतलेली माणसे गाढ झोपेत होती. त्या पहाटे काय गेले, ते या सभेत आम्ही बोलून दाखविणार नाही. इतकेच म्हणतो की, ज्या घटकेस सारी सृष्टी माणसास निजविते, त्याच घटकेस या वैमानिकास अवजड विमान धावपट्टीवर उतरवावे लागते.

यातला धोका काल्पनिक नाही. 14 ऑगस्ट 2013 रोजी, उजाडण्यापूर्वी, यूपीएस कंपनीचे मालवाहू एअरबस विमान अमेरिकेतील बर्मिंगहॅम येथे उतरताना कोसळले आणि दोन्ही वैमानिक मृत्युमुखी पडले. चौकशीत इतर कारणांबरोबर थकव्याचाही उल्लेख झाला. मनास चटका लावणारी गोष्ट अशी की, अमेरिकन सरकारने वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे नियम 2011 च्या डिसेंबरात जाहीर केले, ते 2014 च्या जानेवारीत अमलात आले, पण त्यांतून मालवाहू कंपन्यांना वगळण्यात आले. जणू प्रवाशाच्या पुढे बसल्याने वैमानिक थकतो आणि पेटीच्या पुढे बसल्याने थकत नाही! पेटी तक्रार करीत नाही, हाच काय तो फरक.

आपल्या देशात नागरी विमानवाहतूक महासंचालनालयाने 2024 च्या जानेवारीत कर्तव्यकालाचे नियम सुधारले. साप्ताहिक विश्रांती 36 तासांवरून 48 तासांवर नेली आणि रात्रीची मर्यादा पहाटे पाचऐवजी सहापर्यंत वाढविली. 2025 मध्ये हे नियम टप्प्याटप्प्याने लागू होऊ लागले, तेव्हा एका मोठ्या प्रवासी कंपनीने त्यांस पुरतील इतके वैमानिक हाताशी ठेवलेले नव्हते. परिणामी डिसेंबरात हजारो उड्डाणे रद्द झाली आणि नियमांत तात्पुरती सवलत द्यावी लागली. राखीव माणूस म्हणजे फुकटचा खर्च, असे मानणाऱ्यांस यातून धडा मिळाला असेल.

तेव्हा आपण काय करावे? प्रथम वैद्यकीय तपासणी, मग कर्ज, हा क्रम घरोघर पाळला जावा. व्यावसायिक परवान्यास 200 तासांचे उड्डाण लागते, त्याचा खर्च लाखोंच्या घरात जातो, आणि विशिष्ट जातीच्या विमानाचे शिक्षण पुन्हा निराळे. प्रथम श्रेणीची वैद्यकीय पात्रता नसेल तर हा सारा पैसा पाण्यात. परवाना हाती आल्यावरही नोकरीसाठी थांबावे लागू शकते. त्या काळात हप्ते कसे भरावयाचे, याचा हिशेब जमीन गहाण टाकण्यापूर्वी कागदावर मांडावा. आमच्या शिक्षण-समितीने अशा विद्यार्थ्यांस या मधल्या काळापुरते बिनव्याजी साहाय्य द्यावे, अशी आम्ही या सभेस विनंती करतो.

दुसरी गोष्ट वधूवरसूचनाची. स्थळ सुचविताना केवळ वेतनाचा आकडा सांगू नये. रात्रीचे काम, राखीव दिवस, घरापासूनचे अंतर हे सारे मुलीकडच्यांस उघडपणे सांगावे. वैमानिक मुलगी असेल तर सासरच्या मंडळींस हे आधीच समजलेले असावे. पहाटे घरी येऊन सकाळी नऊला निजणाऱ्या सुनेस आळशी म्हणणारे घर तिच्या हाती विमान देण्यास योग्य नव्हे.

तिसरी गोष्ट सर्वांत सोपी, आणि तिला पैसा लागत नाही. असा मुलगा वा मुलगी घरी आली असता दिवसा एक खोली अंधारी व शांत ठेवावी. पाहुण्यांनी भेटीचा आग्रह धरू नये. 'आज थकलो आहे, विमान चालवू शकत नाही,' असे त्याने कंपनीस कळविले तर, नोकरी जाईल या भीतीने, त्यास घरातून कोणी उलट सल्ला देऊ नये. थकलेल्या वैमानिकाने 'नाही' म्हणणे हे त्याचे कर्तव्य आहे, आणि त्या शब्दामागे घर उभे आहे, हे त्यास ठाऊक असले म्हणजे तो उच्चारण्याचे धैर्य त्यास लाभते.

भूकंपानंतर हा परिसर पुन्हा उभा राहिला, तो दूरदूरच्या अनोळखी माणसांनी पाठविलेल्या धान्याच्या, औषधांच्या व कापडाच्या आधाराने. वेळेवर पोहोचलेल्या मालाची किंमत या भूमीस शिकवावी लागत नाही. आपली मुले आता तोच माल देशोदेशी पोहोचविण्यास निघाली आहेत. त्यांनी जावे, उंच जावे, आणि नीट झोप घेऊन जावे, एवढीच आमची इच्छा आहे.