शिरगणतीत माणूस सुटू नये

मंडळी, दर दहा वर्षांनी शिरगणती करण्याची आपल्या देशात १८८१ सालापासून रीत आहे. आम्ही शिक्षक घरोघर जाऊन माणसे लिहून घेत असू. कुणी म्हणे, "गुरुजी, तान्ह्या पोराला कशाला मोजता?" अहो, तान्हे पोरही माणूसच की!

२०११ साली देशात १२१ कोटी माणसे भरली. २०२१ ची गणती करोनामुळे लांबली. मग मधल्या सालांचा आकडा कसा काढतात? जुन्या आकड्यात जन्मलेले व बाहेरून आलेले मिळवतात. वारलेले व निघून गेलेले वजा करतात. हा झाला अंदाज.

पण नोंदच नसेल, तर अंदाज चुकतो. रेशनचे धान्य किती जणांना द्यायचे, हे शिरगणतीच्या आकड्यावरून ठरवतात. तुम्ही सांगितलेली माहिती १९४८ च्या कायद्याने गुप्त राहते. तेव्हा भिऊ नका. घरातली सगळी माणसे सांगा. जन्ममृत्यू २१ दिवसांत नोंदवा.