डार्क कॅट कोण होता?

(आपल्या १९९७च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला फोन करून सांगितलं, "तू सॉफ्टवेअरमध्ये आहेस ना, मग एआयवर दहा मिनिटं बोल." मी हो म्हणून बसले. नंतर लक्षात आलं की पहिल्या रांगेत आपले गणिताचे सर असणार. त्यांच्यासमोर यंत्राच्या बुद्धीबद्दल बोलायला गेले, तर ते मध्येच थांबवून "पायऱ्या दाखव" म्हणतील. म्हणून आज मी कार्टूनमधल्या एका खलनायकाबद्दल बोलणार आहे. शेवटी एआयपर्यंत पोचते, संयोजकांनी काळजी करू नये.

१९९५ साल आठवा. त्या मे महिन्यात भारतात कार्टून नेटवर्क सुरू झालं आणि जूनमध्ये आपण नववीत गेलो. दिवसभर कार्टून, आणि रात्री त्याच चॅनेलवर टीएनटीचे जुने इंग्रजी सिनेमे. केबल सगळ्यांकडे नव्हती. ज्यांच्याकडे होती त्यांच्या दारात संध्याकाळी चपलांचा ढीग असायचा. आणि आपल्या नववी 'ब'चा सगळ्यांत लाडका कार्यक्रम होता 'स्वॅट कॅट्स'.

ज्यांना आठवत नाही त्यांच्यासाठी सांगते. मेगाकॅट सिटी हे मांजरांचं शहर. तिथे भंगाराच्या आवारात काम करणारे दोन मेकॅनिक, चान्स आणि जेक. रात्री तेच मुखवटे घालून टी-बोन आणि रेझर व्हायचे आणि भंगारातून स्वतः बांधलेलं विमान घेऊन शहर वाचवायचे. शहराच्या एन्फोर्सर्स दलाचा प्रमुख कमांडर फेरल त्यांच्यावर सतत डाफरायचा. महापौर मँक्स कायम गोल्फ खेळायचे आणि सगळा कारभार उपमहापौर कॅली ब्रिग्ज बघायची. आणि खलनायकांत सगळ्यांत मोठा डार्क कॅट. जांभळा, धिप्पाड, डोक्यावरून लाल टोपडं ओढलेला आणि घोगऱ्या आवाजाचा.

इंग्रजी आपल्याला निम्मं कळायचं नाही. पण एक गोष्ट सगळ्यांना खटकायची. एका भागात पूर्वकथा होती. चान्स आणि जेक आधी एन्फोर्सर्समध्येच वैमानिक होते. डार्क कॅट त्यांच्या नेमक्या टप्प्यात आला होता. फेरलने त्यांना मागे हटायला सांगितलं, त्यांनी ऐकलं नाही, फेरलच्या विमानाचा धक्का लागला, यांचं विमान एन्फोर्सर्सच्या मुख्यालयावर कोसळलं आणि डार्क कॅट निसटला. नुकसान भरून देण्यासाठी दोघांची रवानगी भंगारात. नायकांची सगळी जन्मकुंडली आपल्याला मिळाली. पण डार्क कॅट आला कुठून, शहरावर त्याचा एवढा राग कशासाठी, हे कुणीच सांगितलं नाही.

मग ते काम आपण मधल्या सुट्टीत हाती घेतलं. पहिला पक्ष म्हणायचा, डार्क कॅट हा फेरलचा सख्खा भाऊ, म्हणूनच फेरल दर वेळी थोडक्यात चुकतो. दुसरा पक्ष म्हणायचा, तोही एन्फोर्सर्समधून हाकललेला वैमानिक. तिसऱ्या पक्षात एकटा आपला मॉनिटर होता. त्याच्या मते डार्क कॅट म्हणजे खुद्द महापौर, कारण इतका निकामी माणूस निवडून येणं शक्यच नाही. (नंतरच्या आयुष्यात त्याचं हे मत बदललं असावं.) पुढे कॉलेजात इंटरनेट आलं तेव्हा कळलं की परदेशातले चाहतेही असेच तर्क लढवत होते.

या सगळ्यात एक गंमत आहे, ती मला फार उशिरा कळली. 'स्वॅट कॅट्स' अमेरिकेत सुरू झालं सप्टेंबर १९९३मध्ये आणि बंद पडलं जानेवारी १९९५मध्ये. म्हणजे ज्या पुढच्या भागाची आपण वाट बघत होतो, ती मालिका आपण बघायला लागण्याआधीच संपली होती. हॅना-बार्बेरा कंपनीने ती थांबवली तेव्हा काही भाग अर्धवट तयारीत पडून होते. आपण वर्षभर पुराव्यांची जुळवाजुळव करत होतो आणि उत्तर देणारी माणसं केव्हाच दुसऱ्या कामाला लागली होती.

आता मला वाटतं, डार्क कॅटचं गूढ कुणी मुद्दाम ठेवलं नसावं. त्या काळी अशा मालिकांचा एक भाग बावीस-तेवीस मिनिटांचा असायचा आणि चॅनेलने तो कुठल्याही क्रमाने दाखवला तरी चालला पाहिजे, अशी पद्धत होती. त्यामुळे शेवटी सगळं जिथल्या तिथे परत ठेवायचं. शहर पुन्हा उभं, खलनायक पुन्हा पसार. त्याचा इतिहास सांगायला आणखी भाग लागतात, आणि ते मिळालेच नाहीत. आपण ज्याला रहस्य समजत होतो, ती बहुधा नुसती मोकळी राहिलेली जागा होती.

ज्याला अशी संधी मिळाली, त्या खलनायकाचंही उदाहरण आहे. बॅटमनच्या गोष्टींत मिस्टर फ्रीझ नावाचा एक दुय्यम खलनायक होता. बर्फाची बंदूक, बाकी काही नाही. १९९२मध्ये 'बॅटमन : द ॲनिमेटेड सीरिज'च्या 'हार्ट ऑफ आइस' या भागात लेखक पॉल डिनी यांनी त्याला इतिहास दिला. तो शास्त्रज्ञ असतो. असाध्य आजार झालेल्या बायकोला गोठवून ठेवून तो उपाय शोधत असतो. कंपनीचा मालक येतो, खर्च फार होतोय म्हणतो आणि प्रयोग बंद करायला लावतो. त्या झटापटीतून मिस्टर फ्रीझ जन्माला येतो. या भागाच्या लेखनाला डेटाइम एमी पुरस्कार मिळाला आणि पुढे कॉमिक्सनीही हाच इतिहास स्वीकारला. खर्चाचं कारण देऊन मध्येच बंद केलेला प्रकल्प, ही त्या खलनायकाची जन्मकथा. कार्टूनच्या धंद्यातल्या माणसांना ती परकी वाटली नसणार.

कारण आता त्या धंद्यात तयार झालेल्या गोष्टीसुद्धा कपाटात जातात. २०२२मध्ये वॉर्नरमीडिया आणि डिस्कव्हरी या कंपन्या एकत्र आल्या. त्याच वर्षी 'स्कूबी-डू'चा एक जवळपास पूर्ण झालेला ॲनिमेशनपट प्रदर्शित न करण्याचा निर्णय झाला आणि 'इन्फिनिटी ट्रेन'सारख्या मालिका त्यांच्या ॲपवरून काढून टाकल्या गेल्या. २०२३मध्ये रोड रनरच्या मागे धावणाऱ्या आपल्या कोयोटीवरचा 'कोयोटी व्हर्सेस ॲक्मी' हा पूर्ण झालेला सिनेमा त्यांनी बाजूला ठेवला. हिशेब असा, की तोटा दाखवून कर वाचवणं हे प्रदर्शनापेक्षा परवडतं. बराच आरडाओरडा झाल्यावर २०२५मध्ये दुसऱ्या कंपनीने त्याचे हक्क घेतले. सिनेमाची गोष्ट काय, तर आयुष्यभर सदोष माल विकल्याबद्दल कोयोटी कंपनीला कोर्टात खेचतो!

आता जवळची गोष्ट.

आपल्या वर्गात एक मुलगी होती. जीवशास्त्राच्या जर्नलच्या मागच्या पानांवर ती डार्क कॅट काढायची. ती इथे बसली आहे. तिने ही गोष्ट सांगायची परवानगी दिली आहे, पण नाव घेऊ नकोस म्हणाली. तुम्ही सगळे वळून बघताय, तेव्हा त्या अटीला फारसा अर्थ उरलेला नाही.

एकदा चित्रकलेच्या बाईंनी तिला ते काढताना पकडलं. बाई, तुम्हाला आठवत नसेल. तुम्ही जर्नल हातात घेतलं, बराच वेळ बघितलं आणि विचारलं, "हा पळतोय ना? मग याचं वजन कुठल्या पायावर आहे?" तिला उत्तर येईना. तुम्ही तिला वर्गात पळून दाखवायला लावलंत आणि आम्ही सगळे हसलो. ती हसली नाही. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या दोन्ही परीक्षा तिने 'अ' श्रेणीत काढल्या. घरच्यांशी भांडून कलामहाविद्यालयात गेली आणि पुढे मुंबईत ॲनिमेशन स्टुडिओत लागली.

तिथे तिचं काम होतं मधली चित्रं काढण्याचं. हे समजून घ्या. सिनेमात सेकंदाला २४ चौकटी असतात. एक चित्र दोन चौकटी धरलं तरी सेकंदाला १२ चित्रं लागतात. २२ मिनिटांच्या भागाचा गुणाकार होतो १५,८४०. सर, तपासून बघा. प्रत्यक्षात नुसतं तोंड हलवून, जुनी चित्रं पुन्हा वापरून हा आकडा खाली आणतात, तरी हजारो उरतातच. मुख्य कलाकार महत्त्वाच्या पवित्र्यांची चित्रं काढतो आणि त्यांच्या मधली काढतात माझ्या मैत्रिणीसारखी माणसं. अमेरिकेतल्या मालिकांचं हे काम वर्षानुवर्षं जपान, कोरिया, फिलिपीन्स आणि पुढे भारतात होत आलं. खुद्द 'स्वॅट कॅट्स'चा बराचसा भाग जपानमध्ये काढलेला होता. श्रेयनामावलीत या माणसांची नावं कधी येतात, कधी फक्त स्टुडिओचं येतं.

मधली चित्रं काढता काढता ती पवित्रे काढण्यापर्यंत पोचली. दोन वर्षांपूर्वी एका परदेशी मालिकेतला खलनायक तिच्याकडे होता. दीड वर्ष तिने त्याची चाल, त्याचे हात, रागावण्याआधीचं त्याचं गप्प होणं, असं सगळं बसवलं. एका शुक्रवारी सांगण्यात आलं की मालिका रद्द झाली, सोमवारपासून येऊ नका. करारामुळे त्यातलं एक चित्रही ती कुणाला दाखवू शकत नाही. तो खलनायक कोण होता, हे फक्त तिला आणि तिच्या पंधरा-वीस सहकाऱ्यांना माहीत आहे. त्याच्याबद्दल तर्क लढवायलासुद्धा कुणी नाही.

तिने मला फोन केला. मन मोकळं करून झाल्यावर सहज विचारलं, "तुझं काय चाललंय सध्या?"

मी गप्प झाले. कारण माझी टीम तेव्हा जे सॉफ्टवेअर बनवत होती, ते दोन मुख्य चित्रं दिली की मधली चित्रं आपोआप काढून देतं. संयोजक, बघा, एआय आलं. तिची नोकरी माझ्या सॉफ्टवेअरमुळे गेली नाही, ते तेव्हा बाजारात आलंही नव्हतं. पण दहा माणसांचं काम सहा जणांत होईल, असं ग्राहकांना दाखवायच्या आमच्या सादरीकरणात लिहिलेलं होतं, आणि ती स्लाइड मी स्वतः बनवली होती. उरलेल्या चौघांचं काय, असा प्रश्न त्या बैठकीत कुणी विचारला नाही. मीही विचारला नाही.

मी तिला सगळं सांगितलं. ती चिडेल असं वाटलं होतं. ती म्हणाली, "दाखव मला." मी दाखवलं. चेंडू उडत होता, मुलगा चालत होता, मी मनातून खूश होते. मग तिने पाण्याची भरलेली बादली उचलणाऱ्या बाईची दोन चित्रं काढून दिली. यंत्राने मधली काढली. ती बाई बादली घेऊन फुग्यासारखी वर आली. मैत्रीण म्हणाली, "मधलं चित्र म्हणजे दोन चित्रांची सरासरी नव्हे गं. आधी कंबर जाते, मग खांदा. बादली सगळ्यात शेवटी येते. हिचं वजन कुठल्या पायावर आहे?"

बाई, तुमचा प्रश्न तीस वर्षांनी माझ्या ऑफिसात आला. आणि मलाही उत्तर येईना.

आम्ही तिला सल्लागार म्हणून बोलावलं. तिच्या मानधनासाठी मला ऑफिसात भांडावं लागलं. ज्यांना माझी शाळेतली भांडणं आठवतात त्यांना कळेल की मी जिंकले. ती सहा दिवस आली. सॉफ्टवेअर सुधारलं. आणि ते सुधारलं म्हणजे त्याला लागणारी माणसं आणखी कमी झाली, हेही खरं आहे. या गोष्टीचा शेवट गोड आहे असं मी तुम्हाला सांगणार नाही. ती स्लाइड मात्र मी बदलायला लावली. आता तिथे "दहाचं काम सहांत" नाही, "दहा जणांकडून जास्त चांगलं काम" असं आहे. ग्राहक ते वाचून काय करतील हे माझ्या हातात नाही. मैत्रीण सध्या मिळेल ते सुटं काम करते आणि शनिवार-रविवार मुलांचे चित्रकलेचे वर्ग घेते.

नववीत आपल्याला वाटायचं की मुखवट्याआड एक चेहरा असतो आणि तो सापडला की गोष्ट सुटते. मालिका का बंद झाली, नोकऱ्या का गेल्या, याचाही एकच खलनायक लोक शोधतात. कुणी म्हणतं कंपनीचा मालक, कुणी म्हणतं एआय. मी त्यातल्या एका खोलीत बसलेली आहे. तिथे कुणी लाल टोपडं घातलेलं नसतं. चांगली, घाईत असलेली माणसं असतात, आणि समोर एक तक्ता असतो, ज्यात चित्रांना रकाना असतो आणि चित्रकारांना नसतो.

आणखी एक माहिती. डार्क कॅटचा तो घोगरा आवाज ब्रॉक पीटर्स या अभिनेत्याचा. १९६२च्या 'टू किल अ मॉकिंगबर्ड' या सिनेमात खोट्या आरोपाखाली दोषी ठरवल्या गेलेल्या निरपराध माणसाची भूमिका त्यांनीच केली होती. आपल्याला रोज घाबरवणारा आवाज कुणाचा, हे श्रेयनामावलीत लिहिलेलं होतं. आपण तेवढ्यात चपला घालून घरी पळायचो.

म्हणून एवढंच मागणं आहे. मुलांबरोबर, आता काहींच्या नातवंडांबरोबर, कार्टून बघाल तेव्हा शेवटची नावं संपेपर्यंत थांबा. ॲप लगेच पुढच्या भागावर उडी मारतं. सेटिंगमध्ये जाऊन ते बंद करता येतं, नाही जमलं तर मला फोन करा. त्या नावांत एखादं आपल्याकडचंही असेल. २०२२मध्ये तिरुवनंतपुरमच्या टून्झ कंपनीने 'स्वॅट कॅट्स'च्या नव्या मालिकेची घोषणा केली आहे. ती आली, तर डार्क कॅट कदाचित भारतातच कुणाच्या तरी हातून पळेल.

बाहेर टेबलावर जीवशास्त्राचं एक जुनं जर्नल ठेवलं आहे. ते मागच्या बाजूने उघडा. त्या चित्रांवर कुठल्याच कंपनीचा करार नाही. पहिल्या पानावरच्या डार्क कॅटचे पाय हवेत आहेत. शेवटच्या पानावर त्याचं सगळं वजन डाव्या पायावर आहे.